कवळी, कृत्रिम डोळा, सिलिकॉनचा कान: उपचाराला वेळ किती लागतो आणि रास्त फी कशी ओळखायची

‘पूर्ण बत्तिशीचे किती?’ आणि ‘किती दिवसांत मिळेल?’ हे दोन प्रश्न बहुतेक जण एकामागून एक विचारतात आणि दोन्हींची उत्तरे सुटी सुटी घेऊन घरी जातात. घोळ तिथेच सुरू होतो. कृत्रिम दात, टाळू, डोळा, नाक, कान या कामांत फी आणि वेळ वेगळे काढता येत नाहीत. तुमच्या हातात शेवटी येते ती वस्तू छोटीशी असते आणि तिच्यातले साहित्य सहसा खर्चाचा लहान भाग असते. पैसे लागतात ते डॉक्टरांच्या खुर्चीत गेलेल्या तासांना, लॅबमध्ये बसून घडवणाऱ्या हातांना आणि वस्तू बसवल्यानंतर महिनोन्‌महिने घ्याव्या लागणाऱ्या काळजीला. म्हणून आधी वेळेचा हिशोब मागा. तो स्पष्ट झाला की फी रास्त आहे की नाही ते बरेचसे आपोआप कळते.

पहिल्या महायुद्धात चेहऱ्याला भयंकर इजा झालेल्या सैनिकांसाठी ॲना कोलमन लॅड या अमेरिकी शिल्पकार स्त्रीने पॅरिसमध्ये पातळ तांब्याचे मुखवटे घडवले. एका मुखवट्याला साधारण महिना लागे आणि शेवटचा रंग मुखवटा त्या माणसाच्या चेहऱ्यावर चढवूनच दिला जाई. आता तांब्याच्या जागी सिलिकॉन आले, मापासाठी स्कॅनर आले, पण शेवटचा रंग आजही माणसाला समोर बसवूनच भरावा लागतो. ज्या कामात माणूस समोर बसणे गरजेचे आहे, तिथे वेळ वाचवण्याला मर्यादा आहे.

पायरी १: शक्य असेल तर शस्त्रक्रियेच्या आधी भेटा

तोंडाच्या, जबड्याच्या किंवा चेहऱ्याच्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर प्रॉस्थोडॉन्टिस्टची, म्हणजे कृत्रिम दात आणि चेहऱ्याचे भाग बसवणाऱ्या दंततज्ज्ञाची, पहिली भेट शस्त्रक्रियेच्या आधी व्हायला हवी. घरचे लोक त्या दिवसांत इतक्या काळजीत असतात की ‘आधी गाठ तर निघू दे, दातांचे नंतर बघू’ असे म्हटले जाते. ते समजण्यासारखे आहे, पण महागात पडते.

वरचा जबडा काढायचा असेल, तर टाळूला भोक पडते. ते झाकणाऱ्या प्लेटला ऑब्च्युरेटर म्हणतात. आधीच माप घेतलेले असेल, तर पहिली प्लेट शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बसवता येते. जखमेत भरलेली पट्टी, म्हणजे पॅकिंग, तिच्या आधाराने जागच्या जागी राहते आणि रुग्ण लवकर बोलू-गिळू लागतो. माप घेतलेले नसेल, तर जेवणाचा घास नाकातून येतो, बोलणे कळत नाही, आणि ओल्या, दुखऱ्या जखमेत माप घेण्याची वेळ येते.

रेडिएशन द्यायचे असेल, तर दुसरे एक काम निघते. जे दात काढावेच लागणार आहेत ते रेडिएशन सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढलेले बरे. रेडिएशन मिळालेले जबड्याचे हाड पुढे नीट भरून येत नाही, आणि तिथे नंतर दात काढला तर हाड उघडे पडून कुजण्याचा धोका राहतो. तोंड उघडण्याचे व्यायामही तेव्हापासूनच शिकून घ्यावेत. तोंड जेमतेम दोन बोटे उघडत असेल, तर मापाचा साधा ट्रे आत जात नाही, तुकड्यांचा ट्रे बनवावा लागतो. तिथे वेळ वाढतो आणि फीसुद्धा.

पायरी २: आपल्या कामाचे कॅलेंडर समजून घ्या

कॅलेंडरात दोन प्रकारचे दिवस असतात. काही दिवस काम चालते, आणि काही दिवस शरीर भरून येण्याची वाट पाहायची असते. दुसऱ्या प्रकारच्या दिवसांना फी नसते, पण ते गाळता येत नाहीत.

पूर्ण कवळी: दात काढल्यावर हिरडी भरायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. मग साधारण पाच भेटी होतात. पहिले माप, त्यावरून बनवलेल्या खास ट्रेने दुसरे बारीक माप, दोन्ही जबड्यांतली उंची आणि चावा ठरवणे, मेणात लावलेल्या दातांची ट्रायल, आणि शेवटी कवळी बसवणे. त्यानंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, गरज पडली तर पुन्हा, टोचणाऱ्या जागा घासून घ्यायच्या. दात काढल्या दिवशीच कवळी हवी असेल तर तीही मिळते. मात्र हाड पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक झिजते, म्हणून ती कवळी तीन-सहा महिन्यांत ढिली होते आणि आतून नव्याने भरावी लागते, म्हणजे रिलायनिंग करावे लागते. त्या रिलायनिंगचे पैसे आधीच्या आकड्यात धरले आहेत का, हे कोणीच विचारत नाही. विचारा.

कॅप आणि ब्रिज: दोन-तीन भेटी, मध्ये लॅबसाठी आठवडा-दोन आठवडे. जवळच मिलिंग मशीन, म्हणजे कॅप कोरून काढणारे यंत्र, असेल, तर एका दिवसातही कॅप होते.

इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दाताला आधार म्हणून हाडात बसवायचा स्क्रू: स्वीडनमधले संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, तेव्हापासून रूढ वेळापत्रक होते ते असे: खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्यात सहा महिने थांबायचे, मग दात. आता स्क्रूचा पृष्ठभाग सुधारला आहे, आणि हाड चांगले असेल तर थांबणे कमी झाले आहे. ‘एका दिवसात दात’ अशा जाहिरातीही दिसतात. स्क्रू हाडात पहिल्याच दिवशी घट्ट बसला, तर हे खरोखर करता येते. पण त्या दिवशी जे दात मिळतात ते सहसा तात्पुरते असतात, पक्के दात काही महिन्यांनीच येतात. दोन्ही संचांची किंमत एकाच आकड्यात आहे की पक्क्याचे वेगळे, हे कागदावर लिहून घ्या.

टाळूची प्लेट: तीन टप्पे असतात. पहिली प्लेट शस्त्रक्रियेच्या वेळी. साधारण आठवडा-दहा दिवसांनी पॅकिंग निघाले की तात्पुरती, आणि ती जखम आकसेल तशी वारंवार बदलावी लागते. मग तीन ते सहा महिन्यांनी, रेडिएशन झाले असेल तर कधी त्याहून उशिरा, पक्की प्लेट. या मधल्या टप्प्यातच डॉक्टरांचा सर्वात जास्त वेळ जातो. दर थोड्या आठवड्यांनी रुग्ण येतो, पाणी नाकातून येते असे सांगतो, आणि मऊ साहित्याचा थर वाढवून किंवा काढून प्लेट पुन्हा बसवावी लागते. या भेटींचे पैसे दरवेळी वेगळे मागितले, तर बिल कुठे जाईल याचा अंदाज राहत नाही. या टप्प्यासाठी मला एकरकमी फी जास्त न्याय्य वाटते.

कृत्रिम डोळा: डोळा काढल्यावर खोबण नीट राहावी म्हणून कन्फॉर्मर नावाची पातळ चकती आत ठेवतात. सहा ते आठ आठवड्यांनी खोबणीचे माप घेतात, मेणाचा नमुना घालून पापणी किती उघडते ते बघतात, दुसऱ्या डोळ्याकडे बघत बुबुळ रंगवतात आणि मग ॲक्रिलिकमध्ये डोळा तयार होतो. तयार, बाजारातला डोळा त्याच दिवशी मिळतो आणि स्वस्तही असतो, पण तो खोबणीशी जुळत नाही, मागे स्राव साठतो आणि नजर भलतीकडे दिसते. (ॲक्रिलिकचे डोळे दुसऱ्या महायुद्धात पुढे आले. जर्मन काचेच्या डोळ्यांचा पुरवठा तुटला तेव्हा अमेरिकी सैन्यातल्या दंतवैद्यकाच्या लोकांनी कवळीचेच साहित्य वापरून ते घडवले. दात आणि डोळा आजही एकाच हाताखाली होतात त्यामागे हेही एक कारण आहे.)

नाक, कान, डोळ्याभोवतीचा भाग: जखम भरून ऊतींचा आकार स्थिर व्हायला काही महिने लागतात. नंतर माप, मेणातली घडण, चेहऱ्यावर ट्रायल, साचा, रंग मिसळणे, सिलिकॉन भरणे, आणि शेवटी वरचे रंग. कान एकच गेला असेल, तर दुसऱ्या कानाचा स्कॅन आरशासारखा उलटा करून नमुना छापता येतो, त्याने घडणीचे बरेच तास वाचतात. रंगाचे तास मात्र वाचत नाहीत. कानाच्या पाळीत लालसर झाक असते, वरच्या कडेला थोडी फिकट, मागच्या खोबणीत जवळजवळ तपकिरी. यातली प्रत्येक छटा वेगळी मिसळून, गालाशेजारी धरून, दिवसाच्या उजेडात बघावी लागते. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात उठून दिसतो. म्हणून रंगाची भेट दिवसाउजेडी ठेवा.

पायरी ३: खरंच लागणार तेवढेच ठरवा

अनावश्यक कामाची कमी फीसुद्धा रास्त नसते. नेदरलँड्समधले दंतवैद्यक संशोधक कायसर यांनी १९८१ च्या सुमारास मांडलेला मुद्दा इथे उपयोगी पडतो: पुढचे दात आणि त्यामागच्या उपदाढा शाबूत असतील, तर मागची प्रत्येक दाढ भरून काढलीच पाहिजे असे नाही, बऱ्याच लोकांचे त्यावर नीट भागते. तसेच खालची कवळी हलते म्हणून थेट सगळा जबडा इम्प्लांटवर बांधण्याआधी मधला पर्याय विचारा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हा पहिला पर्याय मानावा असे म्हटले होते. खर्च कमी, साफ करायला सोपी, आणि पकड साध्या कवळीहून कितीतरी चांगली.

डॉक्टरांना सरळ विचारा: ‘काहीच केले नाही तर काय होईल?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाला शांतपणे उत्तर देतो.

पायरी ४: आकडा फोडून घ्या

अंदाजपत्रकात एकच रकमेची ओळ असेल, तर ते अंदाजपत्रक नाही. निदान चार खाती वेगळी दिसली पाहिजेत: डॉक्टरांचा वेळ, लॅब, साहित्य आणि सुटे भाग, आणि बसवल्यानंतरच्या भेटी.

डॉक्टर आपली फी कशी काढतात ते कळले तर बोलणे सोपे जाते. हिशोब पैशात न मांडता एककात मांडतो. समजा, दवाखान्याचा महिन्याचा सगळा खर्च, म्हणजे जागा, मदतनीस, उपकरणे, निर्जंतुकीकरण आणि डॉक्टरांचे स्वतःचे मानधन, मिळून १०० एकक आहे. आणि खुर्चीत रुग्ण बसून खरोखर काम चालले असे महिन्यात १०० तास आहेत. तर खुर्चीच्या एका तासाची किंमत १ एकक. भागाकार करताना दवाखाना उघडा असलेले तास धरायचे नाहीत, काम चालले तेच धरायचे. अनेक तरुण डॉक्टर इथे चुकतात, आपली फी कमी लावतात, आणि मग ती तूट भेटी आटोपत्या घेऊन भरून काढतात.

आता पूर्ण कवळी घ्या. पाच भेटी, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे पावणेचार तास. नंतरच्या छोट्या भेटींचा मिळून एक तास. झाले पावणेपाच एकक. लॅबचे समजा ३ आणि मापाचे वगैरे साहित्य अर्धा. एकूण सव्वाआठ. काही कवळ्या पुन्हा कराव्या लागतात, त्यासाठी थोडी भर घातली की नऊच्या आसपास. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावातले वेगळे असतील, पण मांडणी हीच.

याच कामाचे कोणी चार एकक सांगत असेल, तर काहीतरी गाळले आहे. बहुधा दुसरे माप आणि मेणाची ट्रायल गाळलेली असते, किंवा नंतरच्या भेटी. कोणी वीस सांगत असेल, तर जास्तीचे अकरा कशाचे आहेत हे त्याला सांगता आले पाहिजे. ते दातांच्या चांगल्या संचाचे असू शकतात, अवघड जबड्याचे असू शकतात, अनुभवाचेही असू शकतात. ‘इम्पोर्टेड आहे’ एवढ्यावर भागत नाही.

पायरी ५: वर्षाचा खर्च काढा

सिलिकॉनचे नाक किंवा कान साधारण एक ते दोन वर्षे टिकतो. उन्हाने रंग उडतो, रोज गोंद लावून काढल्याने पातळ कडा फाटतात, त्वचेच्या तेलाने पृष्ठभाग बिघडतो. कवळी पाच-सात वर्षे, मध्ये रिलायनिंग. कृत्रिम डोळा पाचेक वर्षे, पण दरवर्षी पॉलिश. हे कोणाचे अपयश मानू नका, साहित्याचे आयुष्यच तेवढे आहे. पण आधी सांगितले नाही तर रुग्णाला फसवल्यासारखे वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे.

समजा, गोंदाने चिकटवायच्या नाकाची फी १२ एकक आणि ते दीड वर्ष टिकते. वर्षाला ८ झाले, गोंद आणि तो काढायच्या द्रवाचे १ धरा, म्हणजे ९. चेहऱ्याच्या हाडात इम्प्लांट बसवून त्यावर अडकवायच्या नाकासाठी शस्त्रक्रिया आणि सुटे भाग ४० एकक, दहा वर्षांचे धरले तर वर्षाला ४. त्यावर अडकणारे नाक १४ एककांचे, गोंद नसल्याने कडा टिकतात म्हणून दोन वर्षे, म्हणजे वर्षाला ७. एकूण ११. पहिल्या दिवशी साडेचारपट वाटणारा फरक वर्षाच्या हिशोबात नऊ आणि अकरा इतकाच उरतो. घाम जास्त येत असेल किंवा हात थरथरत असतील आणि गोंद लावणे जमत नसेल, तर ते जास्तीचे दोन एकक माझ्या मते वसूल होतात. रेडिएशन झालेल्या हाडात इम्प्लांट निकामी होण्याचा धोका जास्त असतो, तिथे हाच हिशोब उलटा फिरू शकतो.

लहान मुलांत वाढ धरावी लागते. डोळा असो वा प्लेट, मूल वाढेल तसे बदल आणि नवे काम येणारच. पुढच्या किमान तीन वर्षांचा अंदाज एकदमच मागा.

पायरी ६: पैसे टप्प्याटप्प्याने द्या

सगळी रक्कम आगाऊ देऊ नका, आणि डॉक्टरांनीही मागू नये. माप घेताना एक भाग, मेणाच्या ट्रायलला एक, बसवताना एक, आणि थोडी रक्कम पहिल्या तपासणीनंतर, अशी वाटणी दोघांनाही बरी पडते. लॅबला पैसे आधी द्यावे लागतात, त्यामुळे पहिला हप्ता निदान लॅबचा खर्च भागवेल इतका असावा.

कॅन्सरच्या रुग्णांत याला आणखी एक बाजू आहे. आजार परततो, पुन्हा शस्त्रक्रिया होते, कधी माणूस पक्क्या प्लेटपर्यंत पोहोचतच नाही. जे काम झालेच नाही त्याचे पैसे दवाखान्याकडे पडून राहता कामा नयेत. टप्प्याटप्प्याची फी असेल, तर दुःखात असलेल्या घरच्यांना परतावा मागण्यासाठी चकरा माराव्या लागत नाहीत. न झालेल्या कामाचे पैसे ठेवून घेतले जाणार नाहीत, हे वाक्य कराराच्या कागदावर असावे, असा माझा आग्रह आहे.

विमा किंवा आर्थिक मदत घेणार असाल, तर डॉक्टरांचे पत्र आधी घ्या. त्यात निदान, आधीची शस्त्रक्रिया आणि हे साधन कशासाठी लागते ते लिहिलेले असावे: गिळणे, बोलणे, उघड्या ऊतींचे संरक्षण, चष्मा टिकणे. पत्रात नुसते ‘सौंदर्यासाठी’ आले, तर दावा फेटाळला जाण्याची शक्यता वाढते.

पायरी ७: मेणाच्या ट्रायलला घाई करू नका

सर्वात स्वस्त दुरुस्ती इथेच होते. मेणातला दात मिनिटात हलवता येतो, कवळी शिजून तयार झाल्यावर तेच काम नव्याने करावे लागते. घरातले कोणीतरी सोबत न्या, जुना फोटो न्या. दात घालून मोठ्याने बोला. एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत अंक म्हणा. ‘स’ आणि ‘ष्ट’ म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांवर खटखटत असतील, तर उंची जास्त झाली आहे. ‘फ’ आणि ‘व’ म्हणताना वरच्या पुढच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच लागली पाहिजे. ओठ मिटून बसा, ताण पडतो का बघा. नाक-कानाच्या मेणाच्या नमुन्याला समोरून, बाजूने आणि थोडे लांबून बघायला सांगा.

पटले नाही तर तसे सांगा आणि आणखी एक ट्रायल मागा. पटले की डॉक्टर सही घेतील. त्यानंतर विचार बदलला, तर नव्या कामाचा खर्च तुमचा, हे मान्य करावे लागेल. त्याउलट माप चुकले, चावा चुकला किंवा लॅबकडून तडा गेला, तर पुन्हा करण्याचा खर्च दवाखान्याचा. ही रेषा आधीच ठरली तर भांडणे होत नाहीत.

पायरी ८: आपली माहिती आपल्याकडे ठेवा

काम संपले की कागद मागून घ्या. इम्प्लांटची कंपनी, लांबी, जाडी आणि लॉट नंबर, कारण दहा वर्षांनी दुसऱ्या शहरात स्क्रू ढिला झाला, तर योग्य पाना मिळण्यासाठी हेच लागते. कवळीच्या दातांचा शेड आणि आकाराचा नंबर. सिलिकॉनच्या कामात रंगाचे मिश्रण आणि साचा: साचा चांगल्या स्थितीत असेल, तर दुसरा नग घडणीचा वेळ वगळून निघतो, आणि त्याची फी पहिल्यापेक्षा कमी असायला हवी. साचा दवाखान्यात राहणार असेल, तर तो किती वर्षे जपतील ते लिहून घ्या. उन्हाळ्यात त्वचा काळवंडणाऱ्यांनी त्याच साच्यातून थोडा गडद असा दुसरा नग काढून घ्यावा, शक्यतो पहिल्यासोबतच.

फीबद्दल शंका राहिली, तर हेच कागद घेऊन दुसऱ्या प्रॉस्थोडॉन्टिस्टचे मत घ्या. किती भेटी झाल्या, कोणत्या तारखेला काय केले, लॅबमध्ये काय गेले, हे समोर असले की दुसरा डॉक्टर दहा मिनिटांत सांगू शकतो की झालेले काम आणि आकडा जुळतात का. तक्रार करायचीच वेळ आली, तर दंतवैद्यकाच्या नोंदणी संस्थेपुढे आणि ग्राहक आयोगापुढेही हाच तारीखवार तपशील मागितला जातो. म्हणून पहिल्या भेटीपासून एका वहीत तारीख, झालेले काम आणि दिलेली रक्कम लिहीत जा.